जपानचं सायकियाट्रीचं एक जर्नल : खरं का खोटं, अन् आपल्या काय कामाचं?

वातवाली (दिग्रस तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथं मेडिकलवाले पण आहेत आणि लायब्ररीवाले पण म्हणून विचारते.

मी एमएसडब्ल्यू केलंय, सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. मागच्या महिन्यात ट्रेनिंगला गेलो होतो तिथं एका डॉक्टरांनी एका लेखाची झेरॉक्स हातात दिली, हिकिकोमोरीवर, म्हणजे जपानमधे पोरं महिनोन्महिने खोलीच्या बाहेरच निघत नाहीत त्याबद्दल. लेख २०१९ चा, काटो, कांबा, टिओ अशी तीन नावं, जर्नलचं नाव सायकियाट्री अँड क्लिनिकल न्यूरोसायन्सेस. डिक्शनरी घेऊन चार रात्री बसले आणि वाचता वाचता मला आमच्या गावातलाच एक मुलगा दिसायला लागला.

वय २९. पुण्याला चार वर्षं एमपीएससी, मग लॉकडाऊनमधे गावी आला तो आलाच. आता दोन वर्षं झाली, खोलीतून दिवसा निघतच नाही. आई स्टीलच्या ताटात भाकर, वरण, चटणी वाढून उंबऱ्याशी ठेवते, वर दुसरं ताट झाकते, मांजरीसाठी. रात्री दीड-दोनला तो बाहेर येतो, न्हाणीत जातो, परत दार लावून घेतो. दाराच्या फटीतून मोबाइलचा निळा उजेड तेवढा दिसतो. सकाळी ताट उंबऱ्यावर असतं, धुतलेलं. मी स्वतः पाहिलंय. गावात म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडं नेऊन झालं, म्हणजे भगतालाच घरी आणलं, हा कुठं जाणार.

तर माझे प्रश्न. हे जर्नल खरं आहे का? हसू नका, कारण मागच्या वर्षी मला व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता की तुमचा लेख इंटरनॅशनल जर्नलमधे छापतो, अडीच हजार भरा, मी भरले, तर माझं आडनाव चुकीचं छापलेली एक पीडीएफ आली आणि सहा महिन्यांनी ती साइटच गायब. तेव्हापासून इंटरनॅशनल शब्द दिसला की पोटात गोळा येतो. दुसरं म्हणजे हे किती जुनं, कोण चालवतं, फुकट वाचता येतं का. आणि तिसरं, जपानच्या लेखाच्या भरवशावर मी इथल्या आईला काही सांगावं का?

---

जुनी_बाइंडिंग (वर्धा)

ताई, खरं आहे, आणि चांगलं जुनं आहे. मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं काढली, आता रिटायर. अडीच हजारवाल्या टोळीशी याचा काही संबंध नाही.

हे जर्नल १९३३ साली निघालं. तेव्हाचं नाव फोलिया सायकियाट्रिका एत न्यूरोलॉजिका जापोनिका. लॅटिन. जपानी डॉक्टरांनी जपानात काढलेलं पण नाव लॅटिन, कारण वाचणारा युरोपात बसलेला होता, आणि आपलं काम त्यानं वाचावं हाच तर सगळा खटाटोप. घरच्या घरी वाचायला जपानी भाषेतलं मासिक त्यांच्याकडं आधीपासून होतंच, ते १९०२ चं, त्यांच्या डॉक्टरांची संघटना निघाली त्याच वर्षीचं. शुझो कुरे आणि किन्नोसुके मिउरा ह्या दोघांनी ती संघटना काढली. कुरे मनोविकाराचे आणि मिउरा मेंदू-मज्जासंस्थेचे, म्हणून त्यांच्या संघटनेच्या नावात आजही दोन्ही आहेत, जपानी सोसायटी ऑफ सायकियाट्री अँड न्यूरोलॉजी. तुमचं जर्नल आज तिच्याच नावानं निघतं आणि छापते विली कंपनी.

लायब्ररीवाल्याचा जीव घेतला तो नावबदलानं. १९८५ पर्यंत लॅटिन नाव. १९८६ पासून जॅपनीज जर्नल ऑफ सायकियाट्री अँड न्यूरोलॉजी, म्हणजे लॅटिन गेलं आणि इंग्रजी आलं. मग १९९५ पासून सायकियाट्री अँड क्लिनिकल न्यूरोसायन्सेस. आता पाहा, तिसऱ्या नावात जपान कुठंच नाही! पहिल्या दोन्ही नावांत देशाचं नाव होतं, तिसऱ्यात गाळलं, कारण आता चीन, कोरिया, तैवान, भारत, युरोप सगळीकडून लेख घ्यायचे होते. जर्नल एकच पण कपाटात तीन ठिकाणी लावायचं. एफ मधे, जे मधे आणि पी मधे, आणि प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी चिकटवायची की बाबा पुढचं तिकडं पाहा. पोरं चिठ्ठी काढून बुकमार्क करायची.

आणखी एक गंमत, ही मला बाइंडिंगचा हिशेब करता करता दिसली. तुमच्या लेखावर पाहा, खंड ७३ लिहिलेलं असेल, साल २०१९. १९३३ पासून वर्षाला एक खंड धरला तर २०१९ ला ८७ वा पाहिजे. चौदा कमी पडतात. मागं मोजत गेलं तर १९४७-४८ पर्यंत हिशेब बरोबर जुळतो, त्याच्या आधीच घसरतो. मधात महायुद्ध होतं. कागद, शाई, डॉक्टर, सगळंच तिकडं लागलेलं. खंडांचे आकडे कधीकधी लेखांपेक्षा जास्त बोलतात असं मला नेहमी वाटत आलंय, पण मी लायब्ररीवाला आहे, मला असंच वाटणार.

फुकटचं म्हणाल तर प्रत्येक लेखाचा सारांश पबमेडवर, म्हणजे मेडिकल लेख शोधायच्या साइटवर, फुकट दिसतो. पूर्ण लेख काही उघडतात, काही नाही. तुमचा हिकिकोमोरीवाला उघडतो, मी आत्ताच पाहिला. २०२२ पासून त्यांनी पीसीएन रिपोर्ट्स म्हणून धाकटं भावंड काढलंय, ते सगळंच खुलं आहे.

---

पऱ्हाटीभाऊ (आर्णी रोड)

राजेहो, इथं बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, सोयाबीनचे भाव पडले, अन् तुम्ही जपानचे कागद वाचून राह्यले. पोरगं खोलीत बसलं म्हंजे काय रोग झाला काय? नोकरी नाई, लग्नाले पोरगी कोणी देत नाई, शेतीत काई उरत नाई, चौकात गेलं का जो तो विचारते काय झालं तुह्या परीक्षेचं. मी बी दार लावून बसलो असतो. ह्याले जपानी नाव कायले पाह्यजे? सुशिक्षित बेकार म्हनाचं अन् मोकळं व्हाचं.

अन् ताई तुमाले अडीच हजाराले टोपी घातली तसंच ह्या मोठ्या कंपन्या बी पैसेच घेत असन नं लेखाचे?

---

रात्रपाळी_डॉ (नागपूर, सायकियाट्रीत एमडी करतोय)

भाऊचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तो बरोबर आहे. पैसे मोठ्या जर्नलमधे पण लागतात, लेख सगळ्यांना खुला ठेवायचा असेल तर लेखकाकडून फी घेतात आणि ती फी ऐकली तर अडीच हजार चहापाणी वाटेल. फरक एवढाच की इथं पैशानं लेख आत जात नाही. आधी त्याच विषयातले दोन-तीन जण तो चिरफाड करून वाचतात, बहुतेक लेख परत येतात. आमच्या सरांचा परत आलेला मी पाहिलाय, चार दिवस कोणी सरांशी बोललं नाही.

ह्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांचा दाखला दुसरे लेखक सरासरी किती वेळा देतात तो आकडा, आधी दोन-तीनच्या आसपास असायचा, २०२१ च्या आकड्यात बाराच्या वर गेला. आमच्या हॉस्टेलात इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मुलाचं पॅकेज विचारल्यासारखं आहे, त्यावरून मुलगा कसा आहे ते कळत नाही, पण विचारतात सगळे.

आता पोराचं. भाऊ म्हणतात ते अर्धं मला मान्य आहे. हिकिकोमोरी हा शब्दच मुळात रोगाचं नाव म्हणून आला नाही, हिकु म्हणजे आत ओढून घेणं आणि कोमोरु म्हणजे कोंडून राहणं. १९९८ साली तामाकी साइतो ह्या सायकियाट्रिस्टच्या पुस्तकानंतर तो जपानात घराघरात गेला. सहा महिन्यांच्या वर माणूस घरातच, शाळा नाही, काम नाही, घराबाहेर कोणाशी संबंध नाही, अशी साधारण व्याख्या. त्यांच्या सरकारच्या २०१६ च्या अंदाजात १५ ते ३९ वयाचे ५ लाख ४१ हजार जण निघाले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पहिले कोंडलेले आता चाळिशी ओलांडून गेले, म्हणून २०१९ मधे ४० ते ६४ वयाचे मोजले, तर ते ६ लाख १३ हजार! पोरांपेक्षा बापे जास्त. तिकडं ८०-५० चा प्रश्न म्हणतात त्याला, ऐंशीची आई आणि पन्नासचा मुलगा, आई गेल्यावर ताट कोण वाढणार.

आणि हे फक्त जपानचं आहे का हेही त्यांनी तपासलंय. काटो आणि मंडळींनी वेगवेगळ्या देशांतल्या सायकियाट्रिस्टना अशा पेशंटची वर्णनं देऊन विचारलं होतं की असे तुमच्याकडं दिसतात का, त्यात भारत आणि बांगलादेश पण होते (तो पेपर दुसऱ्या जर्नलमधला, २०१२ चा). दिसतात असंच उत्तर आलं.

वातवाली ताई, तुम्हाला एक सावध करतो. ह्याच जर्नलमधे २०१८ ला पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली आलीय, एचक्यू-२५, शंभरपैकी गुण आणि ४२ च्या वर गेलं तर लक्ष द्या असं. तुम्हाला ती सापडेल आणि भाषांतर करून विचारायचा मोह होईल, मला पण झाला होता. करू नका. ती जपानी माणसांवर तपासलेली आहे. बराचसा वेळ घरातच जातो अशा अर्थाचं एक वाक्य आहे त्यात, आता हे तुमच्या गावातल्या सुनांना विचारून बघा, अर्ध्या गावाला हिकिकोमोरी निघेल.

आणि मुख्य म्हणजे दारामागं काय आहे ते दाराबाहेरून कळत नाही. डिप्रेशन असू शकतं, स्किझोफ्रेनियाची सुरुवात असू शकते, लोकांची भीती असू शकते, किंवा भाऊ म्हणतात तसं नुसती लाज. औषध प्रत्येकाचं वेगळं, काहींना औषधच नाही. तुम्ही त्या धुतलेल्या ताटाबद्दल लिहिलंत ना, ते वाचून मला बरं वाटलं. आईला त्रास नको एवढं त्याच्या डोक्यात अजून आहे. सुरुवात तिथून करा. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, त्यांना घरी यायला सांगा, आईला टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ देऊन ठेवा. त्यावर आई स्वतःसाठी पण बोलू शकते.

---

गोठ्यामागची (अंजनगाव सुर्जी)

मी सहसा लिहीत नाही, पण जुनी बाइंडिंग यांनी कुरेंचं नाव घेतलं म्हणून लिहिते. माझ्या मोठ्या काकांना मी लहान असताना गोठ्यात बांधलेलं पाहिलंय. बैलाची नाही, कुत्र्याची साखळी. डाव्या पायाला. तिथं कातडी काळी पडून गुळगुळीत झाली होती, आजी रोज खोबरेल लावायची त्यावर. आजी वाईट नव्हती हो. ते विहिरीकडं पळायचे आणि सगळे दिवसभर वावरात, मग काय करणार. त्यांना गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी दहावीत होते, त्यानंतर ते बारा वर्षं घरात जेवले, पण तो पाय शेवटपर्यंत ओढतच चालायचे.

नंतर नर्सिंगला असताना मला कळलं की जपानात हे कायद्यानंच चालायचं. १९०० सालचा कायदा, वेड्या माणसाला घरात कोंडायची जबाबदारी घरच्यांची, पोलिसांत अर्ज करायचा, परवानगी घ्यायची आणि घरातच लाकडी गजांचा पिंजरा बांधायचा. कुरेंनी आपल्या हाताखालच्या डॉक्टरांना १९१० पासून गावोगाव पाठवलं, त्यांनी साडेतीनशेच्या वर अशा कोठड्या पाहिल्या, मापं घेतली, नकाशे काढले, फोटो काढले. १९१८ ला तो अहवाल आला आणि त्यात कुरे म्हणतात ते आजही तिकडं सगळ्यांना पाठ आहे, की ह्या लोकांना दोन दुर्दैवं, एक हा आजार झाला ते आणि दुसरं ह्या देशात जन्मले ते. स्वतःच्या देशाबद्दल, त्या काळात, प्रोफेसर माणूस! तरी पिंजरे बंद व्हायला १९५० उजाडलं, आणि ओकिनावात तर १९७२, कारण ते बेट तोवर अमेरिकेकडं होतं.

आपल्याकडं मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानं साखळीवर सरळ बंदी आहे. काका २००९ ला गेले.

---

पऱ्हाटीभाऊ (आर्णी रोड)

ताई, वाचून गप बसलो. माह्या बोलन्याचा राग मानू नका.

एक इचारतो. आमच्या इकडं डॉक्टरच्या चिठ्ठीवर स्किझोफ्रेनिया लिवलं होतं एका नातेवाईकाच्या. त्याच्या पोरानं गूगलवर मराठी पाह्यलं तं छिन्नमनस्कता. छिन्न म्हंजे तुकडे झालेलं. पोरगं दोन दिवस जेवलं नाई, म्हने बाबाच्या मनाचे तुकडे झाले, आता ते कसे जुळन. असा शब्द कोनं काढला असन बावा?

---

रात्रपाळी_डॉ

भाऊ, शब्द काढणाऱ्यांनी ग्रीक शब्दाचं सरळ भाषांतर केलं, स्किझो म्हणजे फाटणं आणि फ्रेन म्हणजे मन. जपान्यांनी पण अगदी हेच केलं होतं, सेइशिन बुनरेत्सु ब्यो, मन दुभंगल्याचा आजार. आणि तिकडंही हेच व्हायचं, डॉक्टर पेशंटला नावच सांगायचे नाहीत, जीभ वळायची नाही. पेशंटच्या घरच्यांच्या संघटनेनं १९९३ ला मागणी केली की नाव बदला. नऊ वर्षं घोळ चालला, नावं आली, पडली, शेवटी २००२ ला ह्याच संघटनेनं, म्हणजे जुनी बाइंडिंग म्हणतात त्या १९०२ वाल्या, शंभरीच्या वर्षी नाव बदललं. तोगो शित्चो शो. तोगो म्हणजे एकत्र बांधणं, शित्चो म्हणजे ताळमेळ जाणं. मनाचा ताळमेळ सुटलाय असं काहीसं. तुकडे नाहीत, ताल सुटलाय. सुटलेला ताल परत पकडता येतो.

शब्दानं काय होतं म्हणाल, तर पेशंटला आजाराचं नाव सांगायचं प्रमाण २००२ ला सुमारे ३७ टक्के होतं, तीन वर्षांत सुमारे ७० टक्क्यांवर गेलं. गोळी तीच, डॉक्टर तोच. पुढं कोरियानं पण बदललं, त्यांनी तर वाद्याची तार जुळवण्यावरून शब्द घेतला.

मी वॉर्डात छिन्नमनस्कता म्हणत नाही. ताळमेळ सुटलाय म्हणतो, कोणी अजून वही फेकून मारली नाही.

---

जुनी_बाइंडिंग

यात भर. २००४ ला जपान सरकारनं डिमेन्शियाचा, म्हणजे म्हातारपणी विसर पडत जाण्याच्या आजाराचा, शब्दही बदलला, आधीच्या शब्दात मूर्खपणाचा वास होता. आपला म्हातारचळ आठवा. माझ्या आईला शेवटी तोच त्रास होता आणि शेजारी हाच शब्द वापरायचे, तिच्या समोर. तिला कळत नाही असं समजून. कळायचं तिला.

---

वातवाली

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, कालपासून लाइट नव्हती.

मी काल संध्याकाळी गेले होते. प्रश्नावली वगैरे काही नेली नाही. आईजवळ ओसरीवर बसून शेंगा फोडल्या, मुद्दाम दाराजवळ. जर्नल, जपान काही बोलले नाही, एवढंच म्हटलं की काकू, जपानमधे अशी लाखो पोरं आहेत, त्यांच्या आयांनी पण आधी देवाऋषीच केलं असेल. काकू म्हणाल्या लाखो? मी म्हटलं हो, पाच लाख पोरं आणि त्याहून जास्त मोठी माणसं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, म्हंजे माह्याच हातचं काई चुकलं नाई. चार वर्षं नोकरी करतेय, पण ह्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. टेलिमानसचा नंबर कॅलेंडरवर लिहून दिला. टीम पुढच्या मंगळवारी येते म्हणाली, गाडी मिळाली तर.

आतून काही आवाज नाही आला. पण निघताना पाहिलं, फटीतला उजेड बंद होता. म्हणजे झोपला होता नाहीतर ऐकत होता, डॉक्टर, तुम्हीच सांगा काय समजू.

आणि जुनी बाइंडिंग काका, झेरॉक्सवाल्यानं दोन पानं खाल्ली आहेत, ४३१ नंतर एकदम ४३४. तो लेख कुठून उघडला ते जरा नीट सांगता का, माझ्या मोबाइलवर नुसतं गोल फिरतंय.

---

जुनी_बाइंडिंग

पबमेडवर लेखाचं नाव टाका, उजवीकडं फुल टेक्स्टची दोन बटणं दिसतात, त्यातलं पीएमसी लिहिलेलं दाबा, दुसरं नाही. टॉवर नसेल तर पहाटे पाचला करा. आडनाव नीट लिहून पत्ता मेसेज करा, मी दोन पानं पोस्टानं पाठवतो.